पाकिटावरची शेवटची ओळ

"काका, डावीकडचा की उजवीकडचा?"

दुकानदाराने दोन्ही मॉनिटर एकदम उजळले आणि कमरेवर हात ठेवून तो बाजूला उभा राहिला. दोन्हींवर एकच चित्र होते. तळ्याच्या काठी बसलेला, रंगीबेरंगी पंखांचा पक्षी. निदान मुलगी तसे म्हणाली. "बाबा, पिसं बघा ना! एकेक मोजता येईल."

त्याने पाहिले. तळे दिसले, काठचे गवत दिसले, वरच्या कोपऱ्यातला आकाशाचा तुकडा दिसला. पक्ष्याच्या जागी मात्र, ओल्या रंगावरून कोणी बोट फिरवावे तसा राखाडी डाग होता. त्याने नजर उजवीकडच्या मॉनिटरवर नेली. डागही त्याच्याबरोबर निघाला आणि तिथल्या पक्ष्यावर जाऊन बसला.

"बघू द्या जरा," तो म्हणाला. "घाई कशाला?"

"बघा की, सावकाश बघा. काकूंना कापड निवडायला लागतो तेवढा वेळ घ्या."

"मी चटकन निवडते हो," बायको म्हणाली. "वेळ ह्यांनाच लागतो. मला बघून गेल्यावर होकार कळवायलासुद्धा महिना लावला होता."

मुलगी हसली, दुकानदार हसला. तोही हसला; हसताना डोळे बारीक केले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, हे त्याला अलीकडे उमगले होते.

बियाण्यांची पाकिटे सजवण्यात त्याचे सारे आयुष्य गेले होते. वर भाजीचे चित्र, मध्ये नावाची पट्टी, तळाशी बारीक अक्षरांत पेरणीच्या सूचना. ही मांडणी त्याची स्वतःची. संगणक आले, त्याआधी तो ही चित्रे ब्रशने काढी; नंतर माउसने काढू लागला. हातातले हत्यार बदलले तरी भाज्या त्याच राहिल्या. गाजराच्या अंगावरच्या आडव्या रेघा, भोपळ्याच्या वेलीचा पीळ, मुळ्याच्या टोकाशी लोंबणारा केसासारखा तंतू. असल्या गोष्टींवर तो दिवस घालवी. पाकीट फाडून बिया मातीत गेल्या की चित्र कचऱ्यात जाते हे त्याला माहीत होते, आणि त्याचे त्याला कधी वाईट वाटले नव्हते.

गेल्या वर्षभरात ते डागाचे सुरू झाले. आधी वाटले, चष्म्याला काही लागले आहे. तो चष्मा पुसत राहिला. मग मॉनिटर पुसत राहिला. शेवटी एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर डोळ्याची आकृती काढून मधोमध पेन टेकवले. "कडेचं दिसत राहील," ते म्हणाले. "समोरचं हळूहळू कमी होईल. ह्याला चष्मा नाही." त्याला त्या आकृतीत एक चूक दिसली होती, बाहुलीचे वर्तुळ जरा कलले होते, ती सुधारून द्यावी असे त्याला वाटले, आणि तेवढेच वाटले. घरी येऊन तो म्हणाला, "नंबर थोडा बदललाय."

मॉनिटरचा उजेड वाढवला की डाग जरा पातळ होई. म्हणून तो उजेड वाढवत गेला, आज थोडा, आठवड्याने आणखी थोडा. उजेडात रंग फिके वाटत, म्हणून तो रंग गडद करत गेला. असे महिनोन्‌महिने चालले. स्क्रीनवर सारे ठाकठीक होते. कागदावर मात्र हळूहळू संध्याकाळ उतरत होती. शेवटी छापखान्याच्या मालकाने टोमॅटोच्या पाकिटांचा नव्याने छापलेला गठ्ठा त्याच्यापुढे टाकला.

"आर्टिस्ट, हा टोमॅटो आहे की वांगं?"

छापखान्यात त्याला सगळे आर्टिस्टच म्हणत.

"अहो, पेरणारा घाबरेल! लावलं काय, उगवलं काय!" मालक पोट धरून हसला. मग हसणे आवरून, जरा नजर चुकवत म्हणाला, "तुमचा मॉनिटर गेला असेल बहुतेक. किती जुना आहे तो! नवीन घ्या. आता मिरचीचं पाकीट नव्याने करायचंय. ते मात्र चोख द्या हं. हेही काळवंडलं तर मला दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागेल. राग मानू नका."

"छे, राग कसला. मॉनिटरच गेलाय," तो म्हणाला. दुसऱ्याने पुढे केलेले कारण किती अलगद हातात येते! घरी आल्यावर त्याने तेच कारण जेवताना सांगितले आणि मुलीने तिथल्या तिथे फर्मान काढले. तिला नुकतीच नोकरी लागली होती. "नुसता मॉनिटर नाही, अख्खा डेस्कटॉप नवा. मी घेणार. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, बाबा."

तो खरेच एक शब्द बोलला नाही. आणि आता ह्या दुकानात, थंड हवेत, सगळीकडून येणाऱ्या निळसर उजेडात, त्या न बोललेल्या शब्दाचे ओझे त्याच्या जिभेवर होते. येताना मनात एक वेडी आशाही होती. न जाणो, नव्या यंत्राचा उजेडच काही वेगळा असेल.

"हा फोर-के," दुकानदार उजवीकडच्या मॉनिटरवर बोटाने टकटक करत म्हणाला. "ठिपके इतके बारीक, की छापलेलं चित्र समोर धरल्यासारखं वाटतं. फक्त अक्षरं जरा लहान दिसतात. पण तुम्ही डिझाइनवाले, तुम्हाला काय त्याचं!"

"आणि डावीकडचा?" मुलीने विचारले.

"त्याची काच चमकत नाही. मागे खिडकी असली तरी त्रास नाही. बाकी खालचा संगणकाचा डबा दोघांना तोच, जोरदार आहे. तुम्ही काम करता करता थकाल, तो नाही थकणार."

"आमचं उलटं आहे," बायको म्हणाली. "घरात सगळं थकतं, हे तेवढे थकत नाहीत. जेवायला चारदा बोलवावं लागतं."

"माझंच काम उघडून बघू," तो एकाएकी म्हणाला. पक्ष्याकडे किती वेळ पाहायचे? "टोमॅटोचं पाकीट उघड गं. ते माझ्या ओळखीचं आहे. त्यावर लगेच कळेल."

मुलीने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्याची दोन कामे होती, टोमॅटोचे जुने आणि मिरचीचे अर्धेमुर्धे नवे. दुकानदार टेबलामागे वाकून कसलीशी तार जोडू लागला. "उघडलं," मुलगी म्हणाली. डावीकडच्या स्क्रीनवर लाल रंग पसरल्याचे त्याला जाणवले आणि जीव थोडा भांड्यात पडला. वर चित्र, मध्ये पट्टी, खाली अक्षरांची करडी रेघ. आपल्या घरात अंधारात चालावे तसा तो ह्या मांडणीत चालू शकत होता.

"आता सगळ्यात खालची बारीक अक्षरं वाचा बघू," टेबलामागून दुकानदाराचा आवाज आला. "डिझाइनवाला आला की मी त्याची हीच परीक्षा घेतो. न अडखळता वाचता आलं, की समजायचं हाच मॉनिटर आपला."

तो किंचित पुढे झुकला. चष्मा नाकावर नीट बसवला. आणि स्वच्छ, ठाशीव आवाजात वाचू लागला:

"रोपे वीतभर झाली की आधाराला काठी द्यावी. पाणी पानांवर न घालता मुळाशी द्यावे. फळे पूर्ण लाल झाल्यावर देठासह तोडावीत."

"वा!" टेबलामागचा आवाज खूश झाला. "काका, नजर एकदम शाबूत आहे. माझी बायको तर मोबाईल हातभर लांब धरते!"



एव्हाना मुलीची एखादी टाळी किंवा आरोळी यायला हवी होती. ती न आल्याने त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा डागात नाहीसा झाला. उरले ते कानातले, खांद्यावरचे केस आणि माउसवर थबकलेली बोटे. आणि तिच्याकडे पाहत असतानाच, नजरेच्या अगदी टोकाला, जिथे तो पाहत नव्हता तिथे, स्क्रीन स्पष्ट दिसली. स्क्रीनवर एक लांबट लाल आकार तिरका लटकला होता. वरच्या अंगाला हिरवा, वळलेला देठ. खाली टोकाशी नाजूक बाक. तो बाक त्याने स्वतः काढला होता, गेल्याच आठवड्यात, कितीतरी वेळा पुसून.

मुलीच्या हातून मिरचीचे पाकीट उघडले गेले होते, आणि त्यावरची सूचना वेगळी होती. तीही त्याला पाठ होती. बिया हाताळल्यावर हात धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत.

सांगून टाकावे असे त्याला वाटले. इथेच, उभ्या उभ्या. शब्द गळ्यापर्यंत आलेही. पण त्या शब्दांच्या पुढे काय, ते त्याला दिसेना. मुलगी काय करील? दुकानात रडेल? बायको इथल्या स्टुलावर बसेल, दुकानदार पाणी आणील, आणि मग चौघेजण त्या उजळ, निरुपयोगी यंत्रांमध्ये उभे राहून एकमेकांचे काय करतील?

"बरोबर आहे, बाबा," मुलगी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कोणी मागून धरून ठेवल्यासारखा. तिने घाईने फाईल बंद केली. लाल रंग मिटला. "एकदम बरोबर. फार छान दिसतंय ह्याच्यावर."

"दिसतंय ना?" तो म्हणाला.

"हो."

दुकानदार हात झटकत टेबलामागून बाहेर आला.  बायको दोन पावले पुढे झाली आणि, कोथिंबिरीची जुडी जास्तीची मागावी इतक्या सहज सुरात म्हणाली, "ह्याच्यात अक्षरं मोठी करता येतात का हो? म्हणजे चांगली मोठी. आणि तो बाण असतो ना, तोही."

"येतात की. कोणासाठी?"

"माझ्यासाठी," बायको म्हणाली. "मी त्यावर पत्ते खेळणार आहे. सगळं काय ह्यांनीच वापरायचं?"

तिने आजवर संगणकाला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. पत्त्यांचा तर तिला तिटकारा होता. केव्हापासून हिला ठाऊक आहे? त्याला आठवू लागले. गेले कित्येक दिवस चहाच्या कपाचा कान नेमका त्याच्या हाताकडे वळलेला असे. उंबरठ्याशी कधी चपला नसत. औषधाच्या बाटलीला तिने लाल दोरा गुंडाळला होता आणि म्हणाली होती, बाटली निसटते म्हणून. त्या घरात तो एकटाच लपवत होता असे नव्हते; त्याच्या लपवण्याला जागा करून देत दुसरेही कोणी जपून वावरत होते.

"डावीकडचा," तो म्हणाला.

"उत्तम निवड!" दुकानदार म्हणाला. उजवीकडचा म्हटले असते, तरी तो हेच म्हणाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मुलीने सारे जोडून दिले. बराच वेळ ती पाठ वळवून काहीतरी खुटखुट करत होती. ती बाजूला झाली तेव्हा स्क्रीनवरची अक्षरे दारावरच्या पाटीएवढी झाली होती आणि बाण अंगठ्याएवढा.

"नव्या मॉनिटरवर सगळं आपोआपच मोठं येतं, बाबा."

"हो का? छान सोय आहे."

"उशीर होतोय मला. निघते." ती दारापर्यंत गेली, परत आली, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवून उभी राहिली, आणि गेली.

त्याने मिरची उघडली. नजर तिच्यावर ठेवली की मिरची जाई. नजर काढली की परत येई. थोडा वेळ त्याने हा खेळ केला. मग खुर्ची फिरवली. आता समोर भिंत होती, भिंतीत एक खिळा होता आणि तोही डागात गेला होता. पण उजव्या अंगाला मिरची लटकली होती, देठासकट, बाकासकट. तो भिंतीकडे पाहत माउस फिरवू लागला. रंगांची पेटी उघडली. ओळीने मांडलेले लाल त्याला आता एकाच लालाचे तुकडे वाटत होते. टोमॅटोचा कोणता, मिरचीचा कोणता, वाळल्या रक्ताचा कोणता, काही कळेना. त्याने एक निवडला. मग दुसरा. हात सवयीने चालत होता आणि ज्याच्या हुकमावर तो चालायचा, तो डोळा हुकूम देत नव्हता.

"अगं," त्याने हाक मारली. "जरा येतेस?"

बायको ओले हात पुसत आली. कामाच्या खोलीत त्याने तिला असे कधी बोलावले नव्हते.

"हा लाल कसा वाटतो?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे... मिरचीसारखा आहे का?"

ती स्क्रीनजवळ गेली. वाकून, मान तिरपी करून, खूप वेळ पाहत राहिली. तिच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू येत होता. उत्तर नेमके द्यायला हवे, हे तिला समजत होते. आणि नेमके कसे द्यायचे ते समजत नव्हते.

"मला कुठे कळतं हो त्यातलं," ती शेवटी म्हणाली. "लाल आहे."

"लाल आहे ना?"

"लाल आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

ती गेली नाही. त्यानेही मान वळवली नाही. वळवली असती तर ती दिसेनाशी झाली असती. माउसवर हात ठेवून तो भिंतीकडे पाहत बसला. तिथून उजव्या बाजूला त्याला मिरची दिसत होती आणि मिरचीच्या शेजारी, अजून ओला हात पुसत उभी असलेली बायको.