भय्यासाहेबांच्या देव्हाऱ्यातली विभूती

जबलपुरातल्या एका लष्करी कारखान्याच्या लाकूड यार्डात विष्णुपंत तपासनीस होते, आणि सारं यार्ड त्यांच्या नाकावर चालायचं. फळी आली की ते तिच्या कापलेल्या टोकाशी नाक नेत, डोळे मिटत आणि निकाल देत. साग. साल. शिसू. हिमालयातून येणारी सुईसारख्या पानांची झाडं ओळखणं सगळ्यांत अवघड. उभी असतात तेव्हा लांबूनही कळतात, पण करवतीखालून निघाली की देवदार, कैल आणि चीड ही तिन्ही भावंडं एकाच आईची वाटतात. पंतांचं तिथंही अडत नसे.

त्यांच्या हाताखालचा रत्नाकर नागपुराहून बी.एस्सी. होऊन आला होता आणि खिशात भिंग बाळगायचा. पंतांना त्या भिंगाची मोठी गंमत वाटे.

"ते ठेव आत," ते म्हणत. "उद्या नाक झडलं तर चष्मा तरी कुठं टेकवशील? नाक जप आधी."

त्रेचाळीसच्या जानेवारीत पंजाबातून रेल्वेच्या तीन वाघिणी भरून देवदार आला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या तोफगोळ्यांच्या पेट्यांना खालून ज्या जाड पट्ट्या लागतात, त्यांच्यासाठी. देवदाराच्या गाभ्यात तेल असतं. त्याला किडा तोंड लावत नाही आणि ओलीत तो लवकर कुजत नाही. तिकडच्या चिखलात पेटी महिनोन्‌महिने पडून राहणार, म्हणून देवदारच हवा असा वरून हुकूम होता.

आणि त्या आठवड्यात पंतांना अशी सर्दी झाली होती, की घरात हिंगाची फोडणी जळली तरी त्यांना पत्ता नव्हता.

आता हे सांगायचं कोणाला? सोनारानं गिऱ्हाइकाला "माझी कसोटी हरवलीय, पण दागिना खरा असावा" असं सांगितलं तर कसं होईल? पंत फळीशी गेले, नाक टेकवलं, डोळे मिटले, नेहमीपेक्षा थोडे जास्तच वेळ मिटून ठेवले आणि म्हणाले, "देवदार." रत्नाकरचा हात खिशाकडे गेला होता. पंतांनी एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो परत आला. फळ्यांवर शिक्का बसला, आणि शिक्का बसलेली फळी पंत पुन्हा कधी हुंगत नसत.

त्याच मालाचे उरलेले तुकडे लिलावात निघाले आणि ते कारखान्याचे हेडक्लार्क भय्यासाहेबांनी रीतसर पावती करून घेतले. भय्यासाहेबांचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. हे ते नव्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगत; नाव दुसऱ्या वाक्यात. गोरखपुरातल्या आपल्या घरी त्यांनी त्या तुकड्यांचा झोकदार देव्हारा करवून घेतला आणि नर्मदेतून आणलेला बाण, म्हणजे शंकराची गुळगुळीत काळी पिंडी, त्यात बसवली. "अस्सल देवदार," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "पंतांच्या नाकाखालून गेलेला."

श्रावण लागला आणि एका सकाळी बाणावर चिमूटभर पांढुरकी पूड दिसली. भय्यासाहेबांनी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवर पॉलिशखालून एक निळसर पट्टा वर आलेला दिसला. वर निळा पट्टा, खाली भस्म. नीलकंठ स्वतः घरी आल्याचं समजायला भय्यासाहेबांना एवढं पुरे झालं. आठवड्याभरात गोरखपुरात बातमी झाली, पंधरवड्यात शहपुऱ्याहून बैलगाड्या यायला लागल्या. भय्यासाहेब स्वतः रोज पहाटे अनशापोटी एक चिमूट जिभेवर ठेवत. पोट साफ राहतं, असंही सांगत.

विनताबाई, म्हणजे पंतांची बायको, रविवारी तिथून पुडी घेऊन आल्या.

"घ्या. कपाळाला लावा अन् थोडी खा."

पंतांनी पुडी उघडली. सवयीनं दोन बोटांत चोळली. राख चोळली तर पिठासारखी पसरते. ही कणीकणी लागली, बारीक रव्यासारखी. त्यांचं बोट थांबलं. विनताबाई पंचांग वाचायला वडिलांचं जुनं भिंग वापरत. ते पंतांनी मागून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळ्याला लावलं. एकेक कण लिंबाएवढा दिसला, आणि आकारही लिंबाचाच, दोन्ही टोकांना निमुळता. लाकडाच्या पोटात भुंगेऱ्याची अळी असते. ती लाकूड खाते, आणि खाल्ल्यावर जे सगळेच करतात ते करते. हे ते होतं.

पंतांनी भिंग खाली ठेवलं. देवदाराचा गाभा भुंगेरा खात नाही. मग हा देवदार नव्हे. तो निळा पट्टाही आता त्यांना कळला. चीड किंवा कैल ओलं राहिलं की त्यात एक बुरशी चढते आणि लाकूड निळं पडतं. यार्डात पाऊल टाकल्या दिवसापासून ते हे ऐकत आले होते. कीड आणि रोग दोघांनी मिळून लाकडाचं नाव सांगितलं होतं, तेही त्यांच्या शिक्क्याच्या वर बसून.

"काहून जी, असे काहून पाहून राहिले?" विनताबाईंनी विचारलं.

पंतांनी सगळं सांगितलं. सर्दीही सांगितली. त्या मालातला अर्धा अजून यार्डात पडून होता आणि मंगळवारी करवतीवर चढणार होता.

"न बोललं तर कोणाला कळतंय?" पंत म्हणाले. "ब्रह्मदेशातून तक्रार करायला कोण येतंय इथं?"

"बरोबर आहे. पट्टी मोडंल, पेटी कोणाच्या तरी पायावर बसंल, तो लंगडत लंगडत जबलपूरला थोडीच येईल."

"माझी खुर्ची जाईल विनता. बावीस वर्षं झाली."

"जाईल तर जाईल. पाट देते मी बसायला."

कारखान्याच्या इंग्रज साहेबाकडे जाणारा प्रत्येक कागद हेडक्लार्कच्या टेबलावरून जायचा. म्हणून सोमवारी पंत भल्या सकाळी भय्यासाहेबांच्या घरी गेले आणि बायाबापड्यांच्या मागे रांगेत उभे राहिले. पुढची बाई म्हणाली, "भैया, जूते उतार के." त्यांनी जोडे काढले. नंबर आला, तळहातावर चिमूट पडली, आणि पंतांनी ती खाण्याऐवजी भिंगाखाली धरली.

"पंत, हा देव आहे. फळी नाही," भय्यासाहेब म्हणाले.

"आत चला. दोन शब्द आहेत."

आतल्या खोलीत पंतांनी ते दोन शब्द सांगितले. दोनाचे बरेच झाले. भय्यासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला.

"पण देवदार म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"सर्दी होती मला."

"सर्दी? सरकारी शिक्का तुम्ही सर्दीत मारला?"

"हो."

भय्यासाहेब एकदम सावध झाले. "थांबा. मग मी हे अठरा दिवस खातोय ते काय आहे?"

"लाकूडच आहे," पंत म्हणाले. "बरंचसं पचलेलं."

"पचलेलं म्हणजे? कोणाला पचलेलं?"

पंतांनी छताकडे पाहिलं. भय्यासाहेब हळूहळू खाली बसले. बाहेर कोणीतरी हरहर महादेव म्हणत होतं.

"त्यानं काही होत नाही," पंत समजावणीच्या सुरात म्हणाले. "सुकं असतं. वास नाही, चव नाही. अळी स्वच्छ प्राणी आहे."

"पंत, कृपा करा आणि त्या अळीची स्तुती थांबवा." भय्यासाहेबांनी तोंडावरून पदराएवढं उपरणं फिरवलं. "कारखान्यात कळलं, तर रिटायर होईपर्यंत मला शिपाईसुद्धा प्रसाद विचारतील. कागद मी आजच्या आज साहेबापुढे ठेवतो. पण त्यात देव्हाऱ्याचा द येता कामा नये."

"मग चूक कळली कशी, असं साहेब विचारेल."

"ते तुम्ही बघा. नाक तुमचं."

पंतांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. जानेवारीत माल तपासला तेव्हा मला वास येत नव्हता, हे मी लपवलं, माल देवदार नसावा असा मला आता दाट संशय आहे, फेरतपासणी व्हावी. देव्हारा, भस्म, नीलकंठ, काही नाही. भय्यासाहेबांनी तो दोनदा वाचला. त्यात इंग्रजीची एक चूक होती, ती दुरुस्त केली. मग बाहेर जाऊन, तब्येत बरी नाही म्हणून, दर्शन बंद केलं. तब्येत खरंच बरी नव्हती.

साहेब दुपारी यार्डात आला. चूक कशी कळली, असं त्यानं विचारलंच नाही. त्यानं फळी उभी चिरायला सांगितली. पाचव्या फळीत अळीची बिळं निघाली. साहेब पंतांकडे बघून इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलला. भय्यासाहेबांनी त्याचा तर्जुमा केला, तो चार शब्दांत: "साहेब फार नाराज आहे."

तपासनिसाची खुर्ची रत्नाकरला मिळाली. पंतांना शिक्षा अशी झाली, की उरलेल्या मालातली प्रत्येक फळी, एकूण एक, त्यांनी त्याच्या हाताखाली पुन्हा तपासायची. टोक रंध्यानं गुळगुळीत करायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, भिंग लावायचं. चीड आणि कैलच्या टोकावर सुईनं टोचल्यासारखे ठिपके विखुरलेले दिसतात. त्या डिंकाच्या नळ्या. देवदारात अशा नळ्या सहसा नसतात.

श्रावणातलं ऊन पावसाच्या दोन सरींमध्ये फार चावरं असतं. पंत त्यात उकिडवे बसून ठिपके बघत होते. ठिपके. ठिपके. ठिपके. यार्डातले मजूर जातायेता मुद्दाम नाक शिंकरत होते आणि पंत त्यांना "काळजी घ्या रे, थंडी फार आहे" म्हणत होते. तिसऱ्या दिवशी, सहाशेच्या पुढे कितव्या तरी फळीला, त्यांनी भिंग लावलं आणि ठिपका दिसला नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. कोरं होतं. कंत्राटदारानं वर दाखवायला खरा देवदारही मिसळला होता तर. नाक केव्हाच मोकळं झालं होतं, आणि तो ओळखीचा, तेलकट, गोडसर वास त्यांना बसल्या जागी येत होता. बावीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं.

ते त्यांनी मिटलं. फळी उचलली, यार्डाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी नेली आणि रत्नाकरपुढे ठेवली.

"जरा बघता का साहेब," ते म्हणाले. "मला एकट्याला खात्री नाही."