राखीव बाकाची फिर्याद

मी एक जुना बाक आहे. मुक्वा लाकडाचा, फुटबॉलच्या मैदानाकडेला राखीव खेळाडूंसाठी ठेवलेला. मित्रांनो, माझ्यावर खुशीने बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. जो बसतो तो दातओठ खात बसतो. तांब्याच्या खाणीतल्या सुताराने मला घडवले, तेव्हा पाच जण मावतात याचेच त्याला कौतुक होते.

पण माझा खरा राग आमच्या क्लबचे प्रशिक्षक बा मुताले यांच्यावर आहे.

चिसेंगा आमच्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. उजव्या बगलेवरून तो असा सुटे की बचाव करणारे त्याची धूळ खात. तेव्हा आम्ही ओळीने सात सामने हरलो होतो. एका शनिवारी टाचेला फोड आला म्हणून तो डावा बूट काढून माझ्या टोकाला बसला आणि आम्ही जिंकलो. पुढच्या शनिवारीही तेच. बा मुताले यांनी ताडले, की विजय त्या उघड्या पायात आहे. आमच्याकडे अशा गोष्टीला कोणी हसत नाही, उलट सगळे ती जपतात. फोड आठवड्यात बरा झाला. चिसेंगा मात्र तीन वर्षे एकच बूट घालून बसून राहिला.

आम्ही चषक जिंकला. लोक जाता-येता मला थोपटू लागले. मला त्या कौतुकाची किळस येई, कारण माझ्या टोकाला तो पोरगा नखे कुरतडत असे.

त्याची आई, बना चिसेंगा, फाटकाशी विटुम्बुवा, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळून विकायची. एक दिवस ती झारा घेऊनच आत आली.

"बा मुताले, माझ्या पोराचे पाय घेतलेत की बूड?"

"रागावू नका, आई. अर्धा चषक त्याच्यामुळेच आलाय!"

"मग तो अर्धा चषक बसवा इथं, आणि पोराला सोडा!"

हंगाम संपल्यावर चिसेंगा स्वतःच बोलला. "बा कोच, म्बाला गावचा क्लब बोलावतोय. मैदानात गुरं चरतात, पण खेळवणार आहेत."

"कृतघ्न! इथं काय कमी होतं तुला?"

"चेंडू."

तो गेला. लोकांनी त्याला गद्दार म्हटले. बा मुताले यांनी दुसऱ्या एका पोराचा डावा बूट काढून त्याला माझ्यावर बसवले आणि आम्ही तीन गोलांनी हरलो. मग दोष माझा ठरला! त्यांनी मला अशी लाथ घातली की माझा पाय मोडला. तेव्हापासून मी गोलजाळ्यामागे पावसात कुजतो आहे.

तिथूनच मी म्बालाशी झालेला आमचा सामना पाहिला. चिसेंगाने आमच्याच जाळ्यात दोन गोल मारले. शिट्टी झाली तसे बा मुताले ओशाळे हसत, आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवत म्हणाले, "दमलास रे. बस जरा."

"तीन वर्षं बसलोय, बा कोच. आता तुम्ही बसा."

मित्रांनो, माझा मोडका पाय जोडा, अशी भीक मी मागणार नाही. मला खुशाल चुलीत घाला. पण पळणारे पाय बसवून ठेवू नका.