उरलेल्या टाइलवरचं चित्र

शर्मिष्ठाबाईंचा उजवा हात दिवाळीपासून थरथरत होता. त्यांनी रायपूरच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली होती, आणि आता ब्रश धरला की रेघ नागमोडी जायची. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शेवटी शेवटी त्यांना घास दुसऱ्याने भरवावा लागायचा. बाईंनी ब्रश माळ्यावर टाकले. विचारलं तर म्हणायच्या, "कंटाळा आला."

सून ईरा शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरीला होती. एका रविवारी ती ॲक्रेलिकचे रंग, प्लास्टिकचे कप आणि एक छोटा कॅनव्हास घेऊन आली.

"आई, इसमें ब्रश लगता ही नहीं. रंग फक्त ओतायचा. कौन सा रंग किसके साथ जाएगा, वो आप बताओ."

नाही म्हणायला बाईंना कारण सुचेना. चौबे कॉलनीतल्या त्यांच्या छोट्या अंगणात दोघींनी वर्तमानपत्रं पसरली. कॅनव्हासवर ओतलेला पहिला रंग दह्यासारखा जागीच बसून राहिला. मग ईराने पाणी आणि रंग वाहता करणारं बाटलीतलं द्रावण मिसळून तो पातळ केला. नंतर प्लायवूडच्या तुकड्यावर ओतून पाहिला, तर त्याने रंग पिऊनच टाकला.

"याले आधी प्रायमर मारा लागते," बाई म्हणाल्या. त्यांना आता गंमत वाटू लागली होती.

बाथरूमची एक टाइल उरली होती. चकचकीत टाइलवर रंग धरणार नाही म्हणून बाईंनी ती पॉलिशपेपरने घासायला लावली, स्पिरिटने पुसून घेतली. एकाच कपात निळा, पांढरा आणि गेरूचा थर देऊन ईराने कप टाइलवर पालथा घातला आणि अलगद उचलला.

"आता तिरपी करा तुम्ही."

बाईंनी टाइल उचलली. हात जोरात थरथरला आणि निम्मा रंग ईराच्या कुर्त्यावर गेला.

"मले नाही जमत आता," बाई हळूच म्हणाल्या.

"हात कांपता है ना? मुझे पता है, आई. केव्हापासून पाहून राहिली मी."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही नाही बोलल्या, म्हणून."

बाई पायरीवर बसल्या. वडिलांचं सगळं त्यांनी सांगितलं, भीतीसकट. ईरा रंगाने माखलेल्या कुर्त्यातच ऐकत बसली. मग म्हणाली, "उद्या मी सुट्टी घेते, डॉक्टरकडे जाऊ. आधी हे पूरा करू. रंग सुकून राहिला."

दोघींनी दोन बाजूंनी टाइल धरली. निळा रंग गेरूत शिरत कडेपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले, हात तपासले. मग ते म्हणाले, "हा कंपवात नाही. काही धरलं की हात थरथरतो, असा हा त्रास आहे. गोळीने बराच कमी होईल."

बाईंनी त्यांना तेच पुन्हा सांगायला लावलं.

घरी येऊन त्या भर दुपारी गाढ झोपल्या. पुढच्या रविवारी त्यांनीच ईराला उठवलं. प्लायवूडवर प्रायमरचा पहिला हात देऊन झाला होता.