धाकट्या शिंगाची उंची

पाणसळीतला बुडबुडा साधारण जवाच्या दाण्याएवढा असतो, आणि त्याला नातीगोती नसतात. काचेच्या नळीत तो मधल्या रेषेवर थांबला तर दोन्ही टोकं सारखी. सरकला, तर ज्या बाजूला सरकला ती बाजू उंच. मोजणी कार्यालयात अर्धी हयात गेलेल्या धाकटीचा या बुडबुड्याइतका विश्वास कुणावरच नव्हता. स्वतःवर तर मुळीच नव्हता. डोंगरांच्या उंच्या तिला तोंडपाठ होत्या, पण माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली की तिला गरगरायचं.

तिची ताई म्हणजे दुसरं टोक. साडेचार हजार मीटर उंचीच्या जोडशिंगावर पहिल्यांदा पोचलेल्या तिघांत ती एक. खालच्या मेंढपाळांनी डोंगराला हे नाव दिलं, कारण माथ्यावरच्या बर्फाच्या खिंडीतून दोन टोकं निघतात: अलीकडचं थोरलं शिंग आणि मागचं धाकटं. पहिली तुकडी खिंडीतूनच परतली, दुसरीचे तंबू वाऱ्याने पतंगासारखे नेले. तिसरीत ताई होती. खिंडीतून ती डावीकडे वळली आणि थोरल्यावर जाऊन बसली. उजवीकडे त्यानंतरही कुणी गेलं नाही. एवढा जीव काढून वर यायचं आणि बुटक्याच्या भेटीला कोण जाणार?

आता नेमकी तिथेच माशी शिंकली होती. जुन्या मोजणीदारांनी दोन्ही शिंगं खालच्या एकाच ठाण्यावरून मोजली आणि दोघांचं अंतर सारखंच धरलं. धाकटं होतं चांगलंच मागे. लांब उभा राहिलेला माणूस बुटका दिसतो, त्यातलाच प्रकार. धाकटीच्या नव्या आकडेमोडीत ते थोरल्यापेक्षा हातभर उंच निघालं. पण खात्याचा रिवाज असा, की आकडा काढेल त्यानेच शिखरावर मोजणीची काठी टेकवायची. तोवर आकडा नकाशावर चढत नाही. बर्फ भुसभुशीत व्हायच्या आत निघायला हवं होतं. नाहीतर जुनाच आकडा पुन्हा छापू, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. ते रोज विचारत, जाता ना? ती रोज म्हणे, सांगते. एक तर स्टूल, दुसरं म्हणजे ताई. ताईचं शिखर कोणत्या तोंडाने काढून घ्यायचं?

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी ती पाणसळ पिशवीत घालून ताईकडे गेली. ताई ताटं पुसत होती, भाऊजी शब्दकोडं सोडवत होते. धाकटीने ताईला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, स्वतः शेजारी उभी राहिली आणि भाऊजींना दोघींच्या डोक्यांवर पाणसळ आडवी ठेवायला सांगितली. घरातल्या प्रत्येक फोटोत ताई पुढे उभी, म्हणून जन्मभर तीच उंच ठरलेली.

"बुडबुडा पळाला हो," भाऊजी म्हणाले. "मेव्हणीकडे."

"टाचा टेक गं, चोरटे," ताई म्हणाली.

टाचा टेकलेल्याच होत्या. तशीच चौकटीला चिकटून, समोरच्या भिंतीकडे बघत धाकटी म्हणाली, "ताई, डोंगराचंही असंच झालंय."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. भाऊजींनी पाणसळ अलगद कोड्यावर ठेवली. मग ताईच्या पोटातून काहीतरी वर आलं, आणि ते हसू होतं. ती हसत हसत खाली बसली, हसता हसता तिला उचकी लागली. "म्हणजे त्या खऱ्याकडे पाठ करून आम्ही बिस्किटं खात होतो," ती उचक्यांच्या मधून म्हणाली. "अगं, ते अजून कोरं आहे! तिथे कुणीच गेलेलं नाही!"

मग तिच्या अंगात आलं. गुडघ्यांना शिव्या देत तिने माळ्यावरून जुना दोर काढवला, धाकटीच्या कमरेला बांधला, दुसरं टोक भाऊजींच्या पोटाला, आणि फर्मावलं: चढ. धाकटी स्टुलावर चढली. फरशीचे चौकोन पोहू लागले. ताई म्हणाली की तिलाही वर गरगरलं होतं, गरगरलं की हसायचं, पडायचं नाही, आणि दोर कशासाठी असतो? धाकटी टेबलावर चढली. तिथून कपाटावरची धूळ दिसली, भाऊजींचं टक्कल दिसलं, बंद केलेल्या पंख्याचं पातं कानाशी आलं. तिला कळेना आपण घाबरलोय की काय. मग तिला आपलंच खिदळणं ऐकू आलं, शाळेच्या जिन्यावरून घसरत येताना खिदळायची तसं. खाली ताई उचक्या देत टाळ्या वाजवत होती आणि भाऊजी, नांगरासारखे पाय रोवून, दोर धरून होते.

"फोन द्या," ती वरूनच म्हणाली. भाऊजींनी दोर न सोडता खिशातून काढून दिला. पलीकडे साहेबांचा आवाज आला, सुट्टीच्या झोपेतला.

"साहेब," ती म्हणाली, "धाकट्यावर काठी मीच नेणार."