बरणीतले आठ मासे आणि मी

मित्रांनो, डोळ्यांसमोर एक काचेची बरणी आणा. दुकानात रेवड्या ठेवतात तशी, रुंद तोंडाची. तळाशी नदीची वाळू, दोन शेवाळलेले गोटे आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढे आठ मासे. प्रत्येकाच्या शेपटीपाशी एक काळा ठिपका. काचेवर बोट फिरवले की कालपर्यंत ते बोटामागे धावत होते. आज त्यांतले दोन पाण्यावर तोंड काढून धापा टाकत आहेत. मांजर आले नाही, बरणी सांडली नाही, कोणी त्यांना हात लावला नाही. सांगा बरे, तुम्ही आधी काय पाहाल?

तुम्ही विचार करा, तोवर मी माझी ओळख करून देतो. मी एक जुना तांब्याचा गुंड आहे. नावाला हसू नका. आमच्या वर्धेकडे गोल पोटाच्या आणि आखूड गळ्याच्या पाण्याच्या भांड्याला गुंडच म्हणतात. एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. माझ्या अंगावरचे खळगे त्याच्या हातोडीचे आहेत. सेलूची विमलाबाई लग्न होऊन आंजीला आली, तेव्हा आंदणात मी तिच्याबरोबर आलो. तिचा नवरा रूपराव शेतकरी, आणि त्यांना एकच मुलगी, नलू.

माझा मान मोठा होता. पाहुणा आला की पाणी माझ्यातलेच. "तांब्यातलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी," असे विमलाबाई म्हणायची आणि मला चिंचेने असे घासायची की माझ्यात तिचा चेहरा दिसायचा. मीही मनातून फुगलो होतो. खोटे कशाला सांगू?

ही गोष्ट १९५८ सालची आहे. नलू तेव्हा चौथीत होती. तिचे शिक्षक पुंडलिकराव गुरुजी पवनारला गेले होते. येताना त्यांनी धाम नदीच्या डोहातले आठ मासे डब्यात घालून आणले. शाळेच्या हौदात डासांच्या अळ्या झाल्या होत्या आणि अर्धा वर्ग हिवतापाने कुडकुडत होता. हे मासे अळ्या खातात. पण हौद फुटला होता. त्याची डागडुजी दिवाळीपर्यंत होणार होती. तोवर मासे सांभाळायचे काम गुरुजींनी नलू आणि कांता या दोघींना दिले. दोघी एका बाकावर बसत.

कांता तानबाची मुलगी. तानबाने दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गावातले बरेच लोक मात्र अजून जुन्याच नजरेने त्या वस्तीकडे पाहत. बरणी नलूच्या ओसरीवर ठेवली होती. दर शनिवारी शाळा अर्धी सुटली की कांता नारळाच्या करवंटीत अळ्या घेऊन यायची. बाही वर सरकवून ती बरणीत हात घालायची आणि गोट्यांवरचे शेवाळ काढायची.

"पाह्य व नलू, ह्या बारक्याले गुदगुल्या होऊन राह्यल्या!"

"हात काढ लवकर, ते तुले खाईन!"

"मले? म्या त्याले जेवू घातलं, न मलेच खाईन?"

विमलाबाई दारातून पाहायची. ती वाईट बाई नव्हती. कांताला ती कधी वेडेवाकडे बोलली नाही, जाताना हातावर गुळाचा खडाही ठेवायची. तो मात्र वरूनच टाकायची. कांता गेली की ती मासे वाडग्यात काढायची, बरणीतले पाणी फुलझाडांना ओतून द्यायची, मला चिंचेने घासायची आणि विहिरीचे पाणी भरून रात्रभर माझ्यात ठेवायची. सकाळी तेच पाणी बरणीत. एरवी बरणीतले पाणी कमी झाले तर नलू माठातले चार पेले टाकायची, तेवढेच.

पहिल्या शनिवारनंतर रविवारी संध्याकाळी दोन मासे धापा टाकू लागले. त्यांच्या अंगावर पांढुरका, चिकट पापुद्रा धरला होता. सोमवारी ते मेले.

मग जो तो आपले निदान सांगू लागला. विमलाबाई म्हणाली, नजर लागली. तिने बरणीच्या गळ्याला काळा दोरा बांधला. रूपराव म्हणाला, चुलीचा धूर. बरणी चुलीपासून दूर सरकवली. शेजारची अनुसयाबाई म्हणाली, उपाशी मेले. नलूने कण्या टाकल्या, त्या तळाशी कुजल्या आणि पाण्याला वास सुटला.

"माह्या बैलाले कोनी येवढं पुसत नाई," रूपराव हसत म्हणाला, "जेवढं ह्या मासोळ्याइले पुसून राह्यले!"

दुसऱ्या शनिवारनंतर पुन्हा दोन मेले. आठांचे चार उरले. त्या दिवशी विमलाबाईने तोंड उघडले.

"नलू, ते पोरगी येते अन् मासे मरते. आता तुले दिसत नाई का? अजून एक मेला, तर तिले आपल्या वसरीवर आणजो नको."

नलू रडत शाळेत गेली. गुरुजींनी तिला पाटी दिली. म्हणाले, "रडून निदान होत नाही. रोज लिही. काय खायला दिलं, पाणी कोणतं, ऊन किती, कोण आलं, मासे कसे वागले. मागचं आठवत असेल तेही लिही. आणि उपाय करायचा तर एका वेळी एकच. चार उपाय एकदम केले, तर कशाने गुण आला आणि कशाने बिघडलं, देवालाही कळायचं नाही."

नलूने मन लावून पाटी भरली. कण्यांचा दिवस सोडला, तर खाण्यात फरक नव्हता. उन्हात फरक नव्हता. पाण्याच्या रकान्यात तिने प्रत्येक दिवशी एकच शब्द लिहिला होता: 'शुद्ध'. मासे आजारी पडल्याच्या दोन्ही वेळी वेगळी गोष्ट एकच होती. तिथे कांताचे नाव होते.

मधल्या सुट्टीत कांताने ती पाटी वाचली. दोनदा वाचली.

"म्हंजे माह्या हातानंच मरते का व ते?" तिने विचारले.

नलूने 'नाही' म्हणावे, तर पाटीवर तिच्याच अक्षरात लिहिले होते. कांताने करवंटी बाकावर ठेवली आणि म्हणाली, "अळ्या तूच काढत जाजो. मी नाई येत." तेव्हापासून ती मागच्या बाकावर बसू लागली.

कांता आली नाही. दोन आठवडे एकही मासा मेला नाही. विमलाबाई म्हणाली, "पाह्यलं?" मलाही तेच खरे वाटले. मी तेव्हा विहिरीवरून माठापर्यंत पाणी वाहत होतो आणि मला वाटे, बरे झाले, माझ्या पाण्याची पुण्याई फळली.

मग दसरा आला. तानबा सगळ्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. कांता आठवडाभर गावातच नव्हती. इकडे विमलाबाईने सणासाठी घरातली सगळी भांडी काढली. मला तर तिने दोनदा चिंच लावली. मी उगवत्या सूर्यासारखा लाल झालो. "माशाइले बी सण पाह्यजे," ती प्रेमाने म्हणाली. तिने रात्रभर माझ्यात ठेवलेले पाणी सकाळी बरणीत ओतले.

दुपारी चारही मासे वर आले. कल्ले भराभर हलत होते. संध्याकाळी एक मेला.

नलूला काही सुचेना. गुरुजी वर्ध्याला गेले होते. तिने जवळचा वाडगा उचलला, माठातले पाणी त्यात घेतले आणि उरलेले तीन मासे त्यात सोडले. दुसऱ्या दिवशी ते तिघे खाली वाळू शोधत फिरत होते. नलू पाटीपाशी बसली. कांता नव्हती, तरी मासा मेला. मग ती पाटी घेऊन, वर्ध्याहून परतलेल्या गुरुजींच्या घरी धावली.

गुरुजींनी चष्मा वर केला. "बेटा, तू पाण्याच्या रकान्यात रोज 'शुद्ध' लिहिलं. शुद्ध म्हणजे कुठलं?"

"घरचं, गुरुजी."

"घरात कशातलं?"

नलू बोटांवर मोजू लागली. माठातले, माठातले, माठातले, कांता येऊन गेली की गुंडातले, दसऱ्याला गुंडातले.

मित्रांनो, त्या दिवशी गुरुजी आमच्या ओसरीवर आले. ते विमलाबाईला म्हणाले, "बाई, तुम्ही नेहमी घासता तसाच हा गुंड घासा आणि पाणी भरून ठेवा. उद्या सकाळी आपण परीक्षा घेऊ. माशांवर नाही, ते तीनच उरले."

"घ्या न परीक्षा," विमलाबाई म्हणाली. "माह्या आंदणाच्या गुंडात खोट निघाली, तर मी नाव बदलीन."

सकाळी गुरुजींनी दोन पणत्या मांडल्या. एकीत माठातले पाणी, एकीत माझे. दोन्हीत गावाजवळच्या डोहातल्या मिरीएवढ्या दहा-दहा गोगलगाई सोडल्या. माठाच्या पाण्यातल्या गोगलगाई पणतीच्या काठावर चढू लागल्या. माझ्या पाण्यातल्या एकेक करून शंखात शिरल्या आणि तळाला पडल्या. दुपारपर्यंत त्यांतली एकही हलली नाही.

"तांबं आंबटाने विरघळतं," गुरुजी म्हणाले. "चिंच पुरती धुतली गेली नाही, वर पाणी रात्रभर राहिलं, म्हणून त्यात तांबं उतरलं. एवढंसं आपल्या पोटाला सोसतं. मासा पाण्यातूनच श्वास घेतो, त्याच्या कल्ल्यांना सोसत नाही."

विमलाबाईने पणती हलवून पाहिली. मग अगदी हळू नलूला म्हणाली, "म्हंजे माह्या हातानंच मेले का व ते?"

हेच वाक्य मधल्या सुट्टीत कांता बोलली होती, हे तिला माहीत नव्हते. नलूने ते घरी येऊन रडत रडत रूपरावाला सांगितले होते. मी कोनाड्यातून ऐकले होते.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असतो. पोटात तुरीचे बियाणे आहे, अंगावर हिरवा गंज. माझी तक्रार नाही. घरात एखादे तांब्याचे भांडे असेल तर त्याला जरूर घासा, पण मागून भरपूर पाण्याने धुवा आणि माशांपासून लांब ठेवा. आणि कोणाच्या नावाखाली रेघ ओढण्याआधी, आपण ज्याला चांगले म्हणतो तेही एकदा पाटीवर लिहून पाहा. मी चांगला होतो. म्हणूनच माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

कांता नागपूरहून आली त्या दिवशी नलू तिला बोलवायला गेली. तिची समजूत काढायला बराच वेळ लागला. आल्या तेव्हा कांता अंगणातच थांबली. तिच्या हातात एक लहान मडके होते.

"नलूनं आणाले सांगतलं," ती विमलाबाईला म्हणाली. "आमच्या विहिरीचं पानी हाये. माठातलं."

विमलाबाई दारात उभी होती. मी तिच्या कमरेवर होतो, रिकामा. बरणीत तीन मासे होते आणि पाणी निम्म्यावर आले होते.

नलूने कांताचा हात धरून तिला ओसरीवर चढवले. तिच्या हातातले मडके घेतले. आईकडे पाहिले. मग ती मडके तोंडाला लावून दोन घोट पाणी प्यायली आणि उरलेले सगळे तिने बरणीत ओतले.