उपवासाला चालणारी पट्टी

वारज्यात आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या वर्षांत दीपमालाने तिथे औषधांचं दुकान काढलं. मी सकाळी तिच्या दुकानापुढच्या बाकावर बसतो. बोलायला ती तिखट, पण तिच्या बोलण्याने कुणी दुखावून गेलेलं मी पाहिलं नाही.

एका गुरुवारी विमलाबाई आल्या. पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या रोज घ्यायला सांगितल्या होत्या. पण बाईंचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी; आणि उपवासाला गोळी नाही. त्यात त्यांच्या मुलाने, आनंदने, कंपनीतल्या कुणाकडून जीवनसत्त्वाच्या चिकटपट्ट्या आणल्या. बाईंनी गोळ्या बंदच केल्या. आता पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नव्हतं.

"या पट्ट्या दुकानात ठेव गं," त्या म्हणाल्या. "दंडाला लावायची. उपवास मोडत नाही."

दीपमालाने पाकीट उलटसुलट पाहिलं. "वर 'आहारपूरक' छापलंय."

"मग चांगलंच की."

"काकू, तोंडात काही गेलं नाही म्हणून उपवास मोडला नाही, असंच ना?"

"हो."

"मग हा आहार कसला? कायदाही तुमच्यासारखाच आहे. आहारपूरक म्हणजे गिळायचं, पोटातून अंगी लागायचं. कातडीवर चिकटवलेलं त्यात बसत नाही, आत काही का असेना. औषध म्हणून विकायचं तर परवानगी वेगळी लागते, ती यावर कुठे दिसत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आनंदने मला फसवलं?"

"तो कशाला फसवेल? आईचा उपवास राहावा आणि पायही राहावेत म्हणून आणलं त्याने. खोटं छापणाऱ्याने छापलं."

मुलाला तिने असं अलगद बाजूला काढलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

"पण उपवासाला गोळी चालत नाही गं."

"साबुदाणा चालतो?"

"तो आमच्या सासूबाईंपासून चालतो."

"मग गोळी माझ्यापासून चालू द्या. कुणीतरी सुरुवात करावीच लागते. आणि इथून सरळ डॉक्टरांकडे जा, चप्पल निसटते ते सांगा."

"बघा," बाई मला म्हणाल्या, "आता शास्त्रही हीच सांगणार."

पण दंडावरची पट्टी त्यांनी तिथेच ओढून काढली. दीपमालाने गोळी आणि पाणी पुढे केलं. बाईंनी ती गिळली, चप्पल पायात आहे ना ते वाकून पाहिलं, आणि दवाखान्याच्या दिशेने निघाल्या.