पहिली टाळी

“काकू, तुम्हीच यांचे हात धरून बसा बघू,” गळ्यात हेडफोन अडकवलेली रेकॉर्डिस्ट मला म्हणाली, आणि स्टेजवर व्हायोलिनच्या तारा जुळवत बसलेला वादक खो खो हसला.

“चारचौघांत? या वयात?” मी म्हटलं.

“दुसरा इलाजच नाही. सकाळपासून सांगतेय, टाळी नको. तोंडानं हो म्हणतात आणि वाजवून मोकळे होतात.”

आमचे हे खाली मान घालून उभे. “सवय आहे हो. हात आपोआप जातात,” ते पुटपुटले.

“मग हात घरी ठेवून यायचं होतं, काका.”

आमचे हे गाणारे नव्हेत आणि वाजवणारेही नव्हेत. ते बाईंचे ड्रायव्हर. आणि बाई म्हणजे, जिची गाणी गुणगुणत तुमच्या आयांनी भांडी घासली ती गायिका. तरुणपणी एका हॉलमध्ये बाईंचं गाणं संपलं आणि कोणी टाळीच वाजवली नाही. गाणं काही वाईट झालं नव्हतं. संपलंय हेच लोकांना कळलं नव्हतं. पण बाईंना वाटलं, आपण फसलो. त्या तशाच पाठ फिरवून विंगेकडे निघाल्या. गाडीची किल्ली घेऊन डावीकडच्या दाराशी उभे असलेले आमचे हे घाबरले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळा हॉल वाजवायला लागला आणि बाई परत फिरल्या.

तेव्हापासून शेवटचा सूर सोडला की बाई डावीकडच्या दाराकडे बघायच्या आणि हे टाळी वाजवायचे. हॉल कोणताही असो, हे डाव्या दाराशीच. या विषयावर दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही. वादकांनी मात्र ह्यांचं नाव टाळीमास्तर ठेवलं होतं.

मला त्या टाळीचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत दिवसभर ओल्या चादरी उपसून घरी यायची, वर स्वयंपाक करायची, आणि हा माणूस ताटावरून उठताना ‘बरं झालंय’ एवढंही कधी म्हणायचा नाही. सगळं कौतुक तिकडे सांडून यायचं.

आता बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. बरेच दिवस गाणं बंद होतं. आवाज परत आला, पण सगळा नाही आला. कंपनीनं ठरवलं की लोकांसमोर एकच कार्यक्रम करायचा आणि त्याचाच अल्बम काढायचा. हा शेवटचा, हे सगळ्यांना कळत होतं. बोलून दाखवायची छाती कोणाला नव्हती.

“गाणं संपल्यावर सूर हळूहळू विरतो ना, काका, तो मला शेवटपर्यंत हवाय,” रेकॉर्डिस्टनं समजावलं. “मी हात वर केला की मग वाजवा हवं तेवढं. लोकांनाही तसंच सांगणार आहोत.”

“पण बाई खचल्या तर?”

“त्या कशाला खचतील? त्यांना सगळं ठाऊक आहे.”

बाईंच्या मनातली इतक्या वर्षांची भीती परक्या माणसापुढे उघडी करायची, हे आमच्या ह्यांच्याच्यानं होईना. ती रेकॉर्डिस्ट गेल्यावर मला म्हणाले, “ठाऊक असणं वेगळं, आणि तिथे उभं राहणं वेगळं. एकदा का त्यांच्या मनानं घेतलं की फसलं, की पुढचं गाणं व्हायचं नाही. निघून जातील.”

“लहान आहेत का त्या?”

“तू पाहिलेलं नाहीस.”

हे खरंच होतं. मी कधी पाहायला गेलेच नव्हते.

संध्याकाळी हॉल भरला. आम्ही डाव्या दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो आणि मी ह्यांचे दोन्ही हात माझ्या मांडीवर घट्ट धरले. चादरी पिळून तयार झालेले हात माझे, सुटतात कुठले! शेजारची बाई आमच्याकडे बघून गोड हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई आल्या. वाळल्या होत्या. पियानोला टेकून उभ्या राहिल्या आणि गायल्या. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माणूस जपून चाललंय हे कळतं. जिने उतरताना कठड्याला धरतात तसं त्या गात होत्या.

गाणं संपलं आणि त्यांनी थेट आमच्याकडे बघितलं. माझ्या मुठीत ह्यांची बोटं माशासारखी तडफडली. हॉल चिडीचूप. बाईंची नजर हलेना. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते टाळीचं प्रकरण उमगलं. हात माझ्या ताब्यात होते, म्हणून ह्यांनी नुसती मान हलवली. छान झालं, छान झालं, अशी. तेवढ्यात रेकॉर्डिस्टचा हात वर गेला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या गाण्यानंतर बाईंनी परत बघितलं. त्याच्या पुढच्या वेळी नुसता कटाक्ष टाकला. मध्यंतरानंतर मात्र त्या गाणं संपलं तरी डोळे मिटूनच राहू लागल्या. कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारख्या. काय ते मला कळेना.

“बघत नाहीयेत,” हे माझ्या कानाशी कुजबुजले.

“बरंच आहे की.”

त्यांच्या हातातला जोर गेला होता. मी नुसते धरायचे म्हणून धरले होते.

शेवटी बाईंनी ते जुनं गाणं घेतलं, सगळ्यांच्या ओठांवरचं. त्याची शेवटची ओळ वर चढत जाते. बाई चढल्या, आणि आवाज तुटला. चिरकला-बिरकला नाही, दोरा तुटावा तसा मध्येच तुटला. पियानोवाल्याचे हात हवेत राहिले. रेकॉर्डिस्ट जागच्या जागी थिजली. कोणी खोकलंसुद्धा नाही.

चुलीत गेला तो अल्बम, असं मनात म्हणत मी ह्यांचे दोन्ही हात सोडले. “वाजवा,” मी म्हटलं.

त्यांनी वाजवली नाही.

“अहो, वाजवा ना! बघताय काय?”

त्यांनी बाईंवरची नजर न काढता नकारार्थी मान हलवली. बाई डोळे मिटून उभ्या होत्या. दाराकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग त्यांनी एक श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा धरली. या वेळी वर गेल्या नाहीत. आता जो होता त्या आवाजात, खालच्या खाली, सावकाश ती ओळ त्यांनी पुरी केली. पियानोही वाजला नाही. ते ऐकताना मला रडू आलं. का आलं ते सांगता येत नाही.

ओळ संपली तरी रेकॉर्डिस्ट हात वर करायचं विसरली होती. पहिली टाळी कुठून तरी मागून आली. कोणाची ते कळलं नाही, आमच्या ह्यांची नव्हती एवढं खरं.

घरी आल्यावर हे बूट न काढता खुर्चीत बसून राहिले.

“मी सोडले होते हात. का नाही वाजवलीत?” मी विचारलं.

“वाजवली असती तर लोक उठून उभे राहिले असते. कौतुकानं नाही, कीव म्हणून. बाई तिथेच थांबल्या असत्या.”

“त्या परत गाणार हे तुम्हाला काय माहीत?”

“माझ्याकडे बघितलं नाही ना.” मग म्हणाले, “आता पुन्हा कधी गायल्या तर मी गाडीतच बसेन.”

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. इतकी वर्षं ज्या टाळीवर मी जळले, ती हातातून गेलेली बघून मलाच गलबलून आलं. मी जेवायला वाढलं. उठताना ते म्हणाले, “चांगलं झालंय.” हे कशासाठी, ते मी विचारलं नाही.

कंपनीला तो तुटलेला आवाज अल्बममधून काढून टाकायचा होता. बाईंनी सरळ नकार दिला. “तो नसेल तर ती ओळ मी दुसऱ्यांदा का गायले, ते कोणाला कळणार?” असं त्या गाडीत फोनवर म्हणाल्याचं ह्यांनी मला सांगितलं.

अल्बम आला तेव्हा एका सकाळी बाईंनी मलाही गाडीत बोलावून घेतलं. मी पुढे ह्यांच्या शेजारी बसले, बाई मागे. “कुठे जायचं नाही, नुसतं हिंडू या,” त्या म्हणाल्या आणि अल्बम लावायला सांगितला. आम्ही नदीच्या कडेनं जाऊन आलो. बाई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ते शेवटचं गाणं चालू होतं. कोणी उतरलं नाही. आवाज चढला, तुटला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. मग तीच ओळ दुसऱ्यांदा सुरू झाली आणि ह्यांनी हळूच इंजिन बंद केलं. इंजिनाची घरघर मध्ये येत होती, हे ती थांबल्यावर मला कळलं.

ओळ पुरी झाली. मागून बाई हसून म्हणाल्या, “काय टाळीमास्तर, आज नाही का वाजवणार?”

ह्यांनी हात वर केला.

“थांबा बाई,” ते म्हणाले. “अजून संपलं नाही.”

मी आरशात बघितलं, बाईंनी डोळे मिटले होते. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं, पण मीही हूं की चूं न करता बसून राहिले.